लायसीनच्या नळीतले उणे चिन्ह

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात शिगेला जिवाणूमुळे होणाऱ्या रक्ती आमांशावर आलेला लेख उपयुक्त होता. मात्र ‘साध्या ई. कोलायने (आतड्यात राहणाऱ्या, बहुधा निरुपद्रवी जिवाणूने) नवी शस्त्रे मिळवली आणि त्याचा शिगेला झाला’ अशा अर्थाच्या त्यातील वाक्यात निम्मीच हकिगत आली आहे. शिगेलाने आतड्याच्या पेशींत शिरकाव करून देणारे प्लास्मिड (जनुके वाहणारा डीएनएचा सुटा तुकडा) मिळवले हे खरेच, पण तेवढ्याने त्याचे भागले नाही. जवळचे काहीतरी टाकूनही द्यावे लागले, आणि ते म्हणजे लायसीन या अमिनो आम्लापासून कॅडाव्हेरीन तयार करण्याची क्षमता.

मी तीस वर्षे वैद्यकीय प्रयोगशाळेत जिवाणू ओळखण्याचे काम केले. त्यात लायसीनची एक नळी रोजची असे. जांभळट द्रवात थोडे ग्लुकोज, थोडे लायसीन, हवा लागू नये म्हणून वर लिक्विड पॅराफिनचा थर, आणि शेजारी लायसीन नसलेली तुलनेची दुसरी नळी. जिवाणूंनी ग्लुकोज आंबवले की आम्ल तयार होऊन द्रव पिवळा पडतो. लायसीन तोडणारे विकर (एन्झाइम) त्यांच्याकडे असेल, तर तयार होणाऱ्या कॅडाव्हेरीनमुळे आम्लता उतरते आणि जांभळा रंग परत येतो. ई. कोलायच्या बहुतेक स्ट्रेनची (वाणांची) नळी दुसऱ्या दिवशी जांभळी दिसते, शिगेलाची मात्र पिवळीच राहते. आम्ही वहीत उणे चिन्ह टाकून पुढच्या नळीकडे वळत असू. ते उणे का, असे मला कोणी विचारले नाही आणि माझ्या हाताखालच्या मुलांना मीही कधी सांगितले नाही.

अमेरिकेतील संशोधक अँथनी मॉरेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर १९९८ मध्ये प्रसिद्ध केले होते. लायसीन तोडणाऱ्या विकराचे, शिगेलामध्ये हरवलेले जनुक त्यांनी परत घातले, तेव्हा तो पुन्हा कॅडाव्हेरीन बनवू लागला आणि त्याच्या जुलाब घडवणाऱ्या विषाचा परिणाम दबला. (कुजणाऱ्या प्रेताच्या दुर्गंधीला कारण होणाऱ्या या द्रव्याने रोगाला लगाम घालावा, हा योगायोग मला अजून नवलाचा वाटतो.) म्हणजे ज्या ई. कोलायला निरुपद्रवी राहायचे आहे, त्याला कॅडाव्हेरीनची अडचण नाही; पेशीत घुसून रोग करणाऱ्याला मात्र ते पायातले लोढणे ठरते. विशेष म्हणजे शिगेलाच्या निरनिराळ्या जातींत हे जनुक एकाच पद्धतीने नष्ट झालेले नाही. कुठे तो भाग गळून पडला आहे, तर कुठे मध्येच परका तुकडा घुसून तो मोडला आहे. वेगवेगळ्या वाटांनी सगळे एकाच जागी पोचले, यावरून ते जनुक गमावण्यातच त्यांचा लाभ होता हे उघड दिसते.

डोळ्यांच्या खुपऱ्यांचे (ट्रॅकोमाचे) उदाहरणही असेच आहे. त्या करणाऱ्या क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या जिवाणूचा संसर्ग झाला की आपल्या पेशी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नष्ट करून जिवाणूची उपासमार करतात. या जिवाणूच्या जननमार्गात राहणाऱ्या स्ट्रेन शेजारच्या इतर जिवाणूंनी सोडलेल्या इंडोल या द्रव्यापासून ट्रिप्टोफॅन बनवू शकतात; खुपऱ्या करणाऱ्या स्ट्रेनमध्ये त्यासाठी लागणारे विकर निकामी झालेले आहे. जिवाणूचे नाव एकच, पण एका अमिनो आम्लाच्या जुळणीवरून दोघांची बिऱ्हाडे वेगळी झाली. भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केले, तेव्हाच्या बातम्यांत हा फरक कुठे वाचल्याचे मला आठवत नाही.

हा केवळ पुस्तकी तपशील नाही. विषमज्वराचा (टायफॉइडचा) जिवाणू सालमोनेला टायफी लायसीनची नळी जांभळी करतो आणि ऑर्निथिन या दुसऱ्या अमिनो आम्लाची करत नाही. त्याचा भाऊबंद, पॅराटायफॉइडचा जिवाणू सालमोनेला पॅराटायफी ‘अ’, याच्या बरोबर उलट वागतो. दोघांचा ताप खाटेवरच्या रुग्णात वेगळा ओळखू येत नाही, पण टायफॉइडची लस जिवाणूभोवतीच्या ज्या ‘व्हीआय’ आवरणावर सहसा बेतलेली असते, ते पॅराटायफी ‘अ’ला नसते. अलीकडेच माझ्या नात्यातील, लस घेतलेल्या एका मुलाच्या रक्ताच्या कल्चरचा (जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) अहवाल ‘सालमोनेला जाती’ एवढ्यावर थांबला होता. लस फसली की तापच दुसरा होता, हा आईवडिलांचा प्रश्न त्या दोन नळ्यांनी बहुधा एका दिवसात सोडवला असता.

ओळख पटवणारी यंत्रे आली ते चांगलेच झाले. परंतु प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमात या नळ्या केवळ रंग पाठ करण्यासाठी उरू नयेत, त्यांमागचे कारण शिकवले जावे, आणि कल्चरच्या अहवालात जिवाणूचे पूर्ण नाव यावे, अशी माझी विनंती आहे. लेखमालेच्या पुढील भागात आपल्या लेखकांनी शस्त्रांबरोबर टाकून दिलेल्या या जनुकाचाही उल्लेख करावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ