कंदील खरा, वेळ चुकीची

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी तुझं बोलणं अर्धवट तोडून मी फोन ठेवला. तू म्हणालीस, "आई, पूर रात्री आला नव्हता, सकाळी आला होता," आणि मला एकदम रागच आला. सहा वर्षांची होते तेव्हापासून मी तो रात्रीचाच सांगत आलेय. तुलाही झोपताना तसाच सांगितला: मिट्ट काळोख, बाबांच्या हातातला कंदील, नारायण पेठेतल्या वाड्याच्या दिंडीदरवाजात काळंभोर पाणी.

गंमत नाही गं, दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला सकाळी फुटलं, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? आदल्या रात्री जवान भिंतीवर वाळूची पोती रचत होते, दुपारी खडकवासलाही फुटलं, लकडी पूल पाण्याखाली गेला, सगळं वाचलेलं होतं. पण वाचलेलं एका कप्प्यात राहिलं आणि पाहिलेलं दुसऱ्या. तू दोन्ही समोरासमोर मांडलंस तेव्हा कळलं. सकाळी आजीने आम्हा पोरांना पर्वतीच्या बाजूला काकूंकडे नेलं असणार. पाणी ओसरल्यावर, त्या रात्री की दुसऱ्या कोण जाणे, मी हट्ट केला म्हणून बाबा मला कडेवर घेऊन वाडा बघायला गेले असणार. वीज नव्हती, म्हणून कंदील. मी पाहिला तो मागे राहिलेला चिखल. कंदील खरा, भिजलेल्या धान्याचा आंबूस वास खरा, फक्त वेळ चुकीची.

तुझं पुरावरचं पुस्तक इथे सुरू होतं, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या खेपेस तू टेबलावर ठेवून गेलेलं पहिलं प्रकरण मी वाचलं. चारही खर्डे वाचले. चारही "पुणे शहर मुळा-मुठेच्या काठी वसले आहे" इथून निघतात, मग पेशवाई, मग धरणांचा इतिहास, आणि पाणी शहरात शिरायला बाविसावं पान उजाडतं. एवढी तयारी वाचणाऱ्याला लागत नाही. ती तुला लागत होती, आतून भीती वाटत होती म्हणून. ती पानं फाडू नकोस, पण प्रकाशकाला नमुन्याची दोन प्रकरणं पाठवशील त्यात ती नकोत. आंबी नदीवरचं ते मातीचं धरण अपुरं असताना त्यात पाणी का साठवलं, हा प्रश्न वाचणारा स्वतःच विचारील. तेव्हा सांग.

दुसरी गोष्ट विषयाची. पूर, त्यानंतरच्या पूरग्रस्त वसाहती, शहराची वाढ, आजचं नदीपात्र, हे सगळं एका पुस्तकात कोंबू नकोस. मला विचारशील तर नदीकाठच्या पेठा आणि पुरानंतरचं एक वर्ष, एवढंच घे. पांढऱ्या मातीच्या भिंती भिजून वाडे नंतर कसे बसत गेले, धरण नाही म्हणजे नळाला पाणी नाही, तेव्हा आडांवर कशा रांगा लागल्या, हे सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. गोखलेनगर-सहकारनगरच्या वसाहतींवर पुढे वेगळं लिही.

आणि "अजून थोडी कागदपत्रं मिळू देत, मग बसते" हे तू आठ महिने म्हणतेयस. इतिहासकार राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरं जमवली, इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले, पण मराठ्यांचा सलग इतिहास काही त्यांच्या हातून लिहून झाला नाही. जमवण्याला शेवट नसतो. बँकेत आम्ही काय करायचो सांगते. एखादी नोंद जुळली नाही, तर ती सस्पेन्स खात्यात टाकून दिवस बंद करायचो. कॅश मात्र त्याच दिवशी टॅली. सस्पेन्समधली नोंद कुणी विसरायचं नाही, रोज एक माणूस तिच्या मागे. तू तशी एक वही कर. पाणी कुठल्या गल्लीत कुठवर आलं यावर दोघांचं पटत नाही? वहीत लिही, तारीख टाक, पुढचं वाक्य लिही. पुस्तक छापायला जाण्याआधी वही रिकामी झाली पाहिजे. जे तरीही सुटणार नाही, ते दोघांच्या तोंडून दोन्ही बाजूंनी छाप. त्यांच्या शब्दांना आपल्या सोयीने मुरड घालू नकोस. ज्या आजोबांनी घरातली भांडणं मोकळेपणाने सांगितली, त्यांना नाव छापण्याआधी पुन्हा एकदा विचार. बोलताना माणूस छापील पानाचा विचार करत नाही.

तुझी मुलाखतींची यादी मी दोनदा पाहिली. चाळीस नावं आहेत, त्यांत माझं नाही. घरची म्हणून राहिलं असेल, किंवा आईला उलटे प्रश्न कसे विचारायचे म्हणून. रविवारी ये. आपण ओंकारेश्वराकडून चालत नारायण पेठेत जाऊ. वाड्याच्या जागी आता इमारत आहे, पण दिंडी कुठे होती ते मी पावलं मोजून दाखवीन. रेकॉर्डर चार्ज करून आण. इतरांना विचारतेस तसंच मलाही विचार: तुम्ही तेव्हा नेमक्या कुठे होतात, कोणी सांगितलं, स्वतः पाहिलं का. मी चुकले तर तिथेच थांबव, मी रागावणार नाही.

तुझी,
आई