फुर्का खिंडीतल्या काकांना

जिनिव्हा, ऑगस्ट 2019

काका,

तुमचं नाव मला ठाऊक नाही आणि तुम्हाला मराठी येत नाही, म्हणजे हे पत्र तुमच्या हाती पडायची शक्यता जवळजवळ नाहीच. तरी लिहितेय. शनिवारपासून आई वाईला फोनवर ज्याला त्याला तुमचीच गोष्ट सांगतेय, आणि दर वेळी ती ऐकताना मला उठून स्वयंपाकघरात जावं लागतं.

हट्ट तिचाच होता. आमच्या घराजवळून ऱ्होन वाहते, आणि आई कृष्णेच्या घाटावर वाढलेली. नदी दिसली की तिचा पहिला प्रश्न, "हिचा उगम कुठं?" कृष्णेचं तिला माहीत आहे, क्षेत्र महाबळेश्वरच्या देवळात, दगडी गोमुखातून. ऱ्होन फुर्का खिंडीखालच्या हिमनदीतून निघते म्हटल्यावर म्हणाली, "मग जाऊ या की." वय 74, गुडघे दोन्ही कुरकुरणारे.

मी कचरत होते त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी ती एका यात्रा कंपनीबरोबर युरोप बघून गेली. बर्फाच्या डोंगरावर त्यांच्या टूर मॅनेजरने तिला उपाहारगृहात बसवलं. "आजी, तुम्ही इथंच थांबा, ग्रुपला उशीर होतो." पैसे पूर्ण घेतले होते, हे वेगळं सांगायला नकोच. बाकीचे बर्फात खेळून आले, आईने दोन तास सगळ्यांच्या पिशव्या राखल्या. घरी मात्र सांगितलं, "छान होतं सगळं."

तर शनिवारी पिवळ्या पोस्टबसमधून आम्ही त्या बंद पडलेल्या बेलव्हेदेअर हॉटेलपाशी उतरलो. 1882 सालचं हॉटेल, त्या काळी हिमनदी त्याच्या कुशीलाच होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तर ती खाली ग्लेच गावाजवळ पोचलेली. आता पार मागे सरकलीये, पायथ्याशी राखाडी पाण्याचं तळं साचलंय. आणि उरलेल्या बर्फावर, जिथं गुहा कोरतात तिथं, मळकट पांढऱ्या कापडाची पांघरुणं. आई बघतच राहिली. "हिला थंडी वाजते?" मी म्हटलं, ऊन लागून वितळू नये म्हणून. "मग बरोबर आहे. आपला बर्फवाला लादी गोणपाटात गुंडाळतो तसं." इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी फोटो काढत पुढे गेले. खरं सांगायचं तर त्या टूर मॅनेजरवर मी एवढी चिडते, पण आईच्या उजव्या बुटाची नाडी सुटून मागे फरफटतेय हे मलाही दिसलं नाही. पाचवारी सुती साडी, वर माझं जाकीट, पायात नवेकोरे बूट आणि समोर खडकाळ उतार. तुम्हाला ते वीस पावलांवरून दिसलं.

आपल्याकडे लोक विचारतात, "काही मदत हवी का?" आणि समोरचा संकोचून म्हणतो, "नको, नको." दोघंही सुटतात. तुम्ही विचारलंच नाही. हातातल्या दोन काठ्यांपैकी एक आईला दिली, दुसरीवर भार टाकून खाली बसलात (तुमचाही गुडघा कटकन वाजला, मी ऐकलं), आणि नाडी बांधायला घेतलीत. ऐंशीच्या घरातला माणूस तिच्या पायाला हात लावतोय म्हटल्यावर आई घाबरलीच. "अहो, अहो, पायाला नका हात लावू!" ती नमस्काराला वाकली, तुम्हाला वाटलं पडतेय, तुम्ही तिचे दोन्ही खांदे धरलेत. मी धावत आले तेव्हा तुम्ही दोघं एकमेकांना धरून हसत होतात. दुसऱ्या बुटाची नाडी घट्ट होती. तीही तुम्ही सोडून पुन्हा बांधलीत.

मग "लांगसाम, लांगसाम" म्हणत तुम्ही तिच्या अर्धं पाऊल पुढे. ती म्हणे "हळूहळू". अर्थ एकच होता. गुहा दर वर्षी नव्याने कोरतात, आत शंभरेक मीटरचा निळा उजेड, खाली फळ्या, वरून टपटप. आईने ओंजळ धरली, डोळ्यांना पाणी लावलं आणि मी "पिऊ नकोस" म्हणेपर्यंत तीर्थासारखं घेतलंसुद्धा. तुम्ही बोट दाखवून म्हणालात, "रोटन." ऱ्होनचं तुमच्याकडचं नाव. आईने ते दोनदा म्हणून पाठ केलं.

वर आल्यावर तिने डबा उघडला. रव्याचा लाडू तुम्ही अर्धा तिथंच खाल्लात आणि अर्धा रुमालात बांधून खिशात ठेवलात, कुणासाठी ते कळलं नाही. मग एक बोट वर करून तुम्ही मला काहीतरी विचारलंत. वारा होता, मला जर्मन येत नाही. चिकटपणाबद्दल काही असेल समजून मी हसून मान हलवली, नाही म्हणून. तुम्ही जरा हिरमुसलात.

परतीच्या गाडीत, ब्रिग सुटल्यावर, एकदम डोक्यात उजेड पडला. कार्डमोम.

होता, काका. वेलदोडाच होता.