पावसाळ्यात होड्या ठेवायच्या कुठे?

मा. संपादक,

१ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. हे ६१ दिवस माशांच्या विणीचे, त्यामुळे बंदीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्या काळात होडी ठेवायची कुठे, हा प्रश्न आमच्या गावात यंदा पहिल्यांदाच पडला, म्हणून हे पत्र.

माझी होडी लाकडी, २४ फुटांची, वडिलांनी बांधून घेतलेली. मे महिन्यातल्या शेवटच्या उधाणाला आम्ही ती वर घेतो. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला पाणी चांगलं वर चढतं, तेवढंच ओढणं कमी. खाली ओंडके टाकायचे, आठ-दहा जणांनी दोर धरायचा आणि सुरूच्या बनाला लागून असलेल्या उंचवट्यावर ती आणायची. मग बुडाचे शिंपले खरवडायचे, होडी गोड्या पाण्याने धुवायची, बूच काढून ठेवायचं आणि नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक थोडं उंच ठेवून दोन्ही बाजूंना टेकू द्यायचे. आत पडलेलं पावसाचं पाणी मग आपसूक मागे वाहून जातं.

शाकारायला मी नारळाचे झापच वापरतो. निसर्ग वादळाने वाडीतले माड आडवे केले, तेव्हा पुढच्या वर्षी झाप मिळेनात म्हणून ताडपत्री घट्ट बांधली. नारळी पौर्णिमेच्या आधी ती सोडली तर आत कुबट वास, फळ्यांवर बुरशी. एका फळीवर अंगठा दाबला तर तो आत रुतला. ताडपत्रीखाली लाकडाला घाम सुटतो, झापातून वारा खेळतो. ती फळी बदलायला सुतार मिळेपर्यंत गणपती आले.

जागेचं मोल आम्हाला त्याच निसर्ग वादळाने दाखवलं. ते आलं ३ जून २०२० ला. होडी नुकतीच वर घेतलेली होती. सुरूची एक फांदी नाळेवर पडली, एवढंच नुकसान. शेजाऱ्याने आपली होडी खाडीतच नांगरून ठेवली होती, दुसऱ्या दिवशी तिच्या चार फळ्या हाती लागल्या.

आता त्याच किनाऱ्यावर धूप थांबवायला दगडी बंधारा झाला आहे. बंधारा हवाच होता, समुद्र दरवर्षी आत येत होता. पण अख्ख्या बंधाऱ्यात होडी वर घ्यायला एकही वाट ठेवली नाही, आणि उंचवट्यावर पर्यटकांच्या गाड्यांसाठी फरशी घातली. बांधणाऱ्यांनी आम्हाला एकदा विचारलं असतं तर वाट कुठे हवी ते भर ओहोटीत उभं राहून दाखवलं असतं. माझ्या पुतण्याने फायबरच्या होडीसाठी दोनचाकी ट्रॉली करून घेतली आहे. खाऱ्या पाण्यातून आली की चाकं धुतो, बेअरिंगला ग्रीस भरतो, मनापासून जपतो. ती ट्रॉली आता बंधाऱ्यापाशी येऊन अडते.

यंदा मी धक्क्यावरून क्रेनने होडी उचलली. आठ हजार रुपये गेले, आणि बंदीत घरात एक रुपया येत नाही. होडी सध्या रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानासमोर उभी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचा चिखल तिच्यावर उडतो. तिथे झाप बांधायला आधार नाही, उघडीप पडली की थेट ऊन लागतं. लाकूड असं भिजत-वाळत राहिलं की फळ्यांचे सांधे सुटतात, मग काथ्या आणि डांबर पुन्हा पहिल्यापासून.

आमच्यासारख्या गावांत बंधाऱ्याचं काम काढणाऱ्यांना माझी विनंती आहे. बंधाऱ्यात १५ फुटांची उतरती वाट सोडावी, आणि सुरूच्या बनाजवळची जागा १५ मे ते नारळी पौर्णिमा होड्यांसाठी राखून ठेवावी. त्या दिवसांत तिथे गाड्यांना मनाई असावी. पावसाळा संपला की बंधाऱ्याच्या डागडुजीचं काम निघणार आहे असं ऐकतो. वाट तेव्हाच काढून घेता येईल.

एक मच्छीमार,
ता. श्रीवर्धन, जि. रायगड