रिपोर्ट कोणी उघडला, हे पेशंटला कळायला नको का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला हॉस्पिटलं पेपरलेस होण्यावरचा लेख वाचला. माहिती चांगली होती पण सगळा भर हॅकरवर. दिल्लीच्या एम्सचं २०२२ च्या नोव्हेंबरात झालं ते खरंच आहे, सर्व्हर बंद पडले आणि जवळपास दोन आठवडे सगळं हाताने लिहायची वेळ आली. पण आमच्या घरात जे झालं त्याला हॅकर लागला नाही.

माझ्या मुलीला दिवस गेले तेव्हा आम्ही एका मोठ्या हॉस्पिटलात नाव घातलं. मोबाईल नंबर, पाळीची तारीख, अंदाजे डिलिव्हरीची तारीख, सगळं काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये टाकलं. तीन महिने व्हायचे होते म्हणून विहीणबाई सोडल्या तर आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि हिला फोन सुरू, मॅडम काँग्रॅच्युलेशन्स, बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवायची स्कीम आहे. त्यांना ड्यू डेटसुद्धा माहीत! पुढे ते राहिलं नाही, क्युरेटिंग करावं लागलं. फोन मात्र चालूच, कधी मालिशवाली, कधी डायपर, आणि ज्या महिन्यात डिलिव्हरी व्हायची त्याच महिन्यात एकाने विचारलं, मुलगा की मुलगी? पोरीने फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. मी त्याला म्हटलं नंबर कुठून मिळाला, तर म्हणे आम्हाला लिस्ट येते. लिस्ट येते म्हणजे कुठून येते, कोण देतं?

हॉस्पिटलात जाऊन विचारलं तर मॅनेजर म्हणाले आमचं सॉफ्टवेअर एकदम सेफ आहे, पासवर्ड आहे. तो पासवर्ड काउंटरच्या स्क्रीनला चिकटपट्टीने चिकटवलेला मला समोर दिसत होता. एकाच लॉगिनवर तिन्ही शिफ्टची माणसं काम करणार, मग कोणाची फाईल कोणी उघडली हे कळणार कसं? लेखात हे यायला हवं होतं. प्रत्येकाचं वेगळं लॉगिन पाहिजे, कोणी कधी काय बघितलं याची नोंद पाहिजे आणि पेशंटने मागितली की ती मिळाली पाहिजे. काउंटरला नाव आणि अपॉइंटमेंटची वेळ पुरते, बाकीचं त्यांना दिसायचं कारणच काय?

कायदा आहे असं तुम्ही लिहिलंय. डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, दंड २५० कोटींपर्यंत, पण नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य तरतुदींना तिथून पुढे आणखी १८ महिन्यांची मुदत. तोवर लोकांनी काय करायचं? इकडे केसपेपरच्या खिडकीवर आभाचा, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याचा, १४ आकडी नंबर मागतात, तो ऐच्छिक आहे हे कोणी सांगत नाही, मागे रांग ओरडत असते, ओटीपी येतो आणि माणूस सांगून मोकळा होतो.

आणि एक तुमच्या पेपरलाही सांगायचंय. साथ आली की पेशंटचं वय, गल्ली, कामाचं ठिकाण इतकं छापता की नाव नसलं तरी अख्ख्या वॉर्डाला कळतं. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या बाईंचं असंच छापून आलं आणि त्यांची पोळ्यांची कामं सुटली, बऱ्या झाल्यावरही कोणी परत बोलावलं नाही. तुमच्या बातमीदारांना हे बंद करायला सांगा.

मुलीची ओळख उघड होईल म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती.

एक वाचक, डोंबिवली