सूचना : हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसोबतच्या तत्त्वज्ञान-सत्रांबाबत

सर्व सभासदांना नम्र स्मरण करून देण्यात येते की, पहिल्या सत्राची सुरुवात तत्त्वज्ञांची नावे व कालखंड सांगून न करता, मुलांची मते आपोआप दुभंगतील अशा एकाच प्रश्नाने करावी. प्राचीन ग्रीक लेखक प्लूटार्कने नोंदवलेले, ग्रीक पुराणकथेतील वीर थिसिअसचे जहाज त्यासाठी फार उपयोगी आहे : कुजलेली एकेक फळी बदलता बदलता सगळे लाकूड नवे झाले, तर जहाज तेच म्हणायचे का? येथून ‘लहानपणीचा मी आणि आजचा मी एकच कसा?’ या प्रश्नापर्यंत मुले स्वतः पोहोचू शकतात, आणि त्यांना तिथे स्वतःहून पोहोचू देणे हेच आपले काम आहे. नीतीविषयक सत्रासाठी ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये मांडलेला ट्रॉलीचा पेच घ्यावा : रुळांवरून भरधाव येणारी ट्रॉली पाच जणांवर जाऊ द्यायची, की दुसऱ्या रुळावर वळवून एकाचा जीव जाऊ द्यायचा? मात्र पाच जीव विरुद्ध एक, एवढ्या हिशेबावर चर्चा थांबवू नये, त्यामागची कारणे विचारावीत.

प्रश्नानंतर शांतता पसरली, तर ती घाईने भरून काढू नये; मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. देव किंवा मृत्यू यांविषयी प्रश्न निघाल्यास स्वतःचे मत अंतिम उत्तर म्हणून सांगू नये.

आपण निवडलेला प्रश्न प्रत्येकाने पुढील बैठकीपूर्वी समन्वयकांना लेखी कळवावा.