रामशेजचा वणवा दिवाळीतच रोखा

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारी आठ वर्षांच्या नातीला घेऊन नाशिकजवळच्या रामशेज गडावर गेलो होतो. म्हसरूळहून पेठ रस्त्याने आशेवाडी जेमतेम अर्ध्या तासावर. भाकरी-ठेचा बांधून सकाळी निघायचे, ऊन चढायच्या आत वरच्या राममंदिराच्या गुहेत टेकायचे, गडावर जेवायचे आणि दिवेलागणीला घरी, असा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

यंदा पायथ्यापासूनच डोंगर काळाठिक्कर होता. जळक्या गवताची बुडखे पायाखाली चुरचुरत होती. चालता चालता नातीने एक शंख उचलून माझ्या तळहातावर ठेवला. गोगलगायीचा होता, भाजून खडूसारखा पांढरा झालेला. बोट लावताच त्याचा चुरा झाला. मग लक्षात आले, त्या सबंध उतारावर असे पांढरे ठिपके पसरलेले आहेत. पावसाची वाट बघत निजलेल्या गोगलगायी जागच्या जागी भाजून गेल्या होत्या.

१६८२ पासून जवळपास सहा वर्षे याच गडाने औरंगजेबाच्या फौजेला दाद दिली नाही. तटाशी बसून ती गोष्ट नातीला सांगायची असे घरून ठरवून निघालो होतो. तिने मात्र एकच धोशा लावला, "आबा, हे कोणी जाळलं?"

उतरल्यावर आशेवाडीत एका आजींकडे ताक प्यायलो. त्या म्हणाल्या, "कोण लावतं ते कळत नाय बाबा, पण गुरांचा चारा गेला. आता पेंढा इकत आणायचा."

डोंगर पेटवला की पुढच्या पावसात गवत जोमाने येते, हा समज अजून गेलेला नाही. राखेतून फुटलेला कोंब डोळ्याला हिरवागार दिसतो, हे खरे. पण बी जळते, करवंद-धावड्याची रोपे जळतात, चंडोलाची जमिनीवरची घरटी जातात, आणि उघडी पडलेली माती पहिल्याच वळवात ओहोळाला लागते. काही वणवे तर हौशी पाहुण्यांच्या चुलीतून आणि विडी-सिगारेटच्या थोटकांतूनही लागतात. गडावर जाणाऱ्या आपणा नाशिककरांना हे ऐकायला कडू वाटेल, पण मी स्वतः तिथे तीन दगडांच्या विझलेल्या चुली पाहिल्या.

शेजारच्या भोरगडाला २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. रामशेजच्या उतारांनाही तेवढीच राखण हवी. गवत वाळायला लागते दिवाळीच्या सुमारास. तेव्हाच वाटेच्या दोन्ही अंगांनी आणि शेताच्या बांधालगत जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, काढल्या, तर आग लागली तरी एका पट्ट्यापुरती राहील. त्याच दिवसांत गावकऱ्यांना गवत कापून नेऊ द्यावे. चाराही होईल आणि डोंगरावर पेटण्याजोगे कमी उरेल. मार्चमध्ये आग विझवायला झोडपे घेऊन धावणाऱ्या वनमजुरांचे हाल मी पाहिले आहेत. त्यांना तेव्हा पळवण्यापेक्षा आधी महिनाभर हे काम द्यावे.

आणि पायथ्याला, पायऱ्या सुरू होतात तिथे, एक फलक लावावा: चूल पेटवू नका, आग दिसली तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. रविवारी आमच्यासोबत चढणाऱ्यांपैकी पाच-सहा जणांना विचारले. हा क्रमांक एकालाही ठाऊक नव्हता.

तो शंखाचा चुरा नातीने रुमालात बांधून आणला आहे. पुढच्या दिवाळीत आम्ही पुन्हा जाणार आहोत.

आपला,
एक वाचक, म्हसरूळ, नाशिक