काका, तुम्ही माझं लॉगबुक वाचलंत

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. पण त्या दिवशी जिन्यात निरोप देताना गळा दाटून आला आणि बोलायचं ते राहूनच गेलं.

कित्येक महिने 40 मीटर या हौशी रेडिओवाल्यांच्या बँडवर, 7128 किलोहर्ट्झला, इंदूर आकाशवाणी ऐकू येत होती. दूरचा एखादा हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारा, बारीक आवाजात बोलायला लागला की त्याच्यावर भजनं, बातम्या, फर्माइशी गाणी. कुणाकुणाचे उंबरठे झिजवले म्हणून सांगू! एका कार्यालयात उत्तर मिळालं, "शॉर्टवेव्हवर ब्रॉडकास्ट असतंच मॅडम, चालायचंच." 7100 ते 7200 हा पट्टा आपल्या भागात 29 मार्च 2009 पासून हौशींसाठी मोकळा झालाय, हे निदान त्या खुर्चीत बसणाऱ्याला माहीत असावं की नाही? एक जाणकार म्हणवणारे गृहस्थ घरी आले, रिसीव्हरला हातही न लावता "सेट बदला" म्हणाले आणि चहा पिऊन गेले. "वहिनी, भास होत असेल" हेसुद्धा ऐकून घेतलं. कधी काय ऐकू आलं ते लिहिलेलं लॉगबुक प्रत्येकापुढे ठेवलं होतं. उघडलं एकानेही नाही.

तुम्ही आलात, चष्मा पुसलात आणि आधी तेच मागितलंत. ओळीवर बोट ठेवून पानन् पान वाचलंत. पोहे गार झाले, आईने दोनदा आठवण केली, तुमचं लक्षच नव्हतं. मग एका ओळीवर बोट थांबलं: "पाऊस. आवाज नाही." परत मागे जाऊन पावसाच्या सगळ्या नोंदी शोधून काढल्यात आणि म्हणालात, "बेटा, किती नीट लिहून ठेवलंयस. सगळं यातच आहे."

काका, मला तेव्हाच रडू येत होतं. दोष सापडायचा होता अजून, पण माझं म्हणणं कुणीतरी खरं धरून वाचलं होतं.

पुढचं तुम्ही किती सहज उलगडलंत! इंदूर आकाशवाणीची स्वतःची लहर 648 किलोहर्ट्झची; 648 गुणिले 11, बरोबर 7128, म्हणजे तिचीच अकरावी पट. पण हे ट्रान्समीटरमधूनच निघत असेल तर पावसात थांबेल कशाला, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या हॅमला का ऐकू येत नाही? म्हणजे स्टेशनचा काही दोष नाही, गडबड इथेच कुठेतरी आहे. आवाज कुठून येतो ते शोधायला तारेचं वेटोळं आणि छोटा रिसीव्हर घेऊन भर उन्हात गच्चीभर फिरलात. शेजारच्या आजींकडे रीतसर परवानगी मागितलीत, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केलीत, आणि मग त्यांच्या टीव्हीच्या जुन्या, बेवारस अँटेनाच्या खांबाला काठीने हलकेच टोकलंत. रिसीव्हरमधलं गाणं खरखरलं, तुटलं, पुन्हा सुरू झालं. खांबाचा क्लॅम्प गंजून पापुद्रे सुटले होते. दोन धातूंच्या मधला तो गंज डायोडसारखा, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागासारखा, वागत होता: आकाशवाणीची जोरदार लहर झेलून तिच्या पटीतल्या लहरी आमच्याच डोक्यावर सोडत होता. पाऊस पडला, सांधा ओला झाला, की गप्प.

एवढं करून पेट्रोलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. वर आजींना म्हणालात, "तुमची काही चूक नाही हो, लोखंड आहे, गंजणारच." ज्ञान असलेली माणसं खूप भेटली, काका. समोरच्याला लहान न करता ते वापरणारी फार थोडी. आपल्या हॅम मंडळींत अशी माणसं अजून आहेत, म्हणून तर हा छंद टिकलाय, असं मला मनापासून वाटतं.

आजींच्या नातवाने तो खांब काढून भंगारात दिला. आता 7128 स्वच्छ आहे. काल बडोद्याच्या एका आजोबांशी तिथेच मनसोक्त गप्पा झाल्या. तुमचं तारेचं वेटोळं माझ्याकडेच राहिलंय. ते न्यायला या, आणि या खेपेला पोहे गरम असताना खायचे, असा आईचा निरोप आहे.

73 (हॅमच्या भाषेत शुभेच्छा)
तुमची,
रामबागेतली हॅम